मिस्त्रीकाकांची झडप

बाबांची कंबर गेली तेव्हा मी बारावीला होते. ते रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मदतनीस. काम थांबलं आणि सगळं घर आईच्या शिलाई मशीनवर आलं. लखनौच्या सरोजिनी नगरातल्या आमच्या एका खोलीत त्या मशीनच्या आवाजातच मी गणितं सोडवायची. घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. तरी रोज संध्याकाळी बाबांशी गप्पा मारून उठताना एक माणूस मला म्हणायचा, "इंजिनियरबाई, येतो." ते मिस्त्रीकाका. नागपूरकडचे, आमच्याच समाजाचे. कानपूर रोडला त्यांची गाड्या दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. डिग्री मिळायला अजून पाच वर्षं होती, पण काकांनी ती आधीच देऊन टाकली होती.

जुनी गाडी आली की मालकाशी बोलण्याआधी काका वाकून इंजिनाखाली बोट घालायचे. एक्झॉस्टच्या पाइपात एक झडप असते, तिचं छोटं वजन बाहेर लोंबतं. इंजिन गार असलं की झडप मिटते आणि गरम धूर कार्बोरेटरखाली वळवते, म्हणजे थंडीत गाडी आचके देत नाही. इंजिन तापलं की आपोआप उघडते. गंजून अडकली की बाकीचे मिस्त्री काढून फेकायचे. काका बोटाने वजन हलवून बघायचे. हललं की "जिवंत आहे" म्हणायचे आणि मग मालकाकडे वळून, "हाँ, बोलिए."

माझी प्रवेशपरीक्षा जानेवारीत होती, केंद्र शहराच्या पार पलीकडे, महानगर नावाच्या भागात. धुक्यात सवारीचा एकही टेम्पो दिसेना. काकांकडे तेव्हा जानकीपुरमच्या डॉक्टरसाहेबांची लांबलचक आकाशी अमेरिकन गाडी दुरुस्तीला होती. काकांनी त्यांना फोन करून विचारलं आणि मला मागच्या सीटवर बसवलं. शेजारच्या घरासमोर नवी गाडी कुरकुरत होती. आमची सुरू झाली आणि एकही आचका न देता निघाली. "बघ, झडपेची कमाल," काका म्हणाले. मी सूत्रं घोकत होते, नीट ऐकलंही नाही.

डिग्री झाली, नोकरी लागली. आमच्या खोलीत माझा फोटो लागला आणि माझी मानही जरा जास्तच ताठ झाली. एका उन्हाळ्यात तीच आकाशी गाडी तापून बंद पडायला लागली. झडप अर्धी मिटून अडकली होती. काका म्हणाले, "दोन दिवस तेलात भिजू दे. मोकळी होईल." मी शेडमध्येच होते; डॉक्टरसाहेबांनी मत विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "ही बर्फाच्या देशातली चीज. लखनौत हिचं काय काम? काढा, तिच्या जागी पोकळ कडी बसवा."

"इंजिनाला देश कळत नाही, इंजिनियरबाई," काका हसले. "गार सकाळ कळते."

"काका, मी हे शिकलेय."

ते हसायचे थांबले. त्यांनी कडी बसवली. उन्हाळाभर गाडी मस्त चालली.

जानेवारीत जुन्या गाड्यांचा मेळावा होता. लखनौतल्याच कपूरथला चौकात सगळ्यांसमोर गाडीने आचके दिले आणि ती बंद पडली. काका मागून ढकलत होते. बिघाडाचं कारण मला त्याच क्षणी कळलं: झडप नसल्याने थंडीत कार्बोरेटर तापतच नव्हता. डॉक्टरसाहेब चिडले, "ये क्या तमाशा है?" आणि मी म्हणाले, "मिस्त्री ने कड़ी टेढ़ी लगाई होगी."

काका नव्हे. मिस्त्री.

त्यांचे हात अजून डिकीवर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरसाहेबांकडे. म्हणाले, "लग गई होगी, साहब."

गोष्ट पसरली. जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणजे मोजकी माणसं, ती एकेक करून दुसरीकडे गेली. होळीपर्यंत शेड बंद झाली. काका मुलीकडे भंडाऱ्याला निघाले. जायच्या दिवशी बाबांना भेटायला आले आणि माझ्या हातात एक कापडाची पुरचुंडी दिली. आत तीच झडप. बोट लावलं तर वजन सहज हललं. "दोनच दिवस लागले," एवढंच ते म्हणाले. मी "माफ करा" म्हणू शकले असते. मी पाठ फिरवून चहा ठेवायला लागले.

ती पुरचुंडी माझ्या कपाटात डिग्रीच्या फाइलखाली राहिली. पुढच्या डिसेंबरात मी ती घेऊन डॉक्टरसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तब क्यों नहीं बोलीं?" माझ्याकडे एकच उत्तर होतं: "शर्म आ रही थी. अपनी गलती की."

"उनसे कहा?" त्यांनी विचारलं.

तिथूनच काकांना फोन लावला. "जय भीम, इंजिनियरबाई!" जणू काही घडलंच नव्हतं. मी माफी मागितली आणि झडप मीच परत बसवणार म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "अगं, बोल्ट गार असतानाच खोल. आणि हातोडी मारू नकोस, यार."

या जानेवारीत धुक्यातून ती गाडी एकदाही न अडखळता महानगरला पोहोचली. झडप मी बसवली. मोकळी काकांनी केली होती, आणि कडीची चूक माझी होती. हे आता डॉक्टरसाहेबांना माहीत आहे.