पायडलवरचे बूट

नागव्वा कुणाच्याही घरी गेली तरी आधी उंबऱ्याशी वाकते. तिथल्या चपला सरळ करते, जोडीला जोड लावते आणि मगच आत जाऊन पाणी मागते. दुधनीच्या माहेरी लागलेली ही खोड. सोलापुरात येऊन कडक भाकरी थापण्यात जन्म गेला, पण खोड काही गेली नाही. लेक काव्या चिडवायची, "अव्वा, मठातबी तू देवाआधी चपलाच बघतीस." नागव्वा हसायची आणि चपला लावतच राहायची.

त्या रविवारी हिप्परग्याच्या तलावावर हीच खोड तिच्या अंगाशी आली.

काव्याची शर्यत होती. आधी तलावात पोहायचं, बाहेर येऊन सायकल चालवायची, शेवटी पळायचं. सायकलवर काव्या कुणाला ऐकत नाही, पण पोहायला शिकली फार उशिरा, त्यामुळे पाण्यातून ती मागूनच यायची. गेल्या वर्षी ती बुटांचे बंद बांधत बसली आणि जिथून सायकलवर बसायचं त्या रेघेवर पंचांनी तिच्यापुढे लाल झेंडा आडवा धरला. रेघ ओलांडायची ठरलेली वेळ संपली होती. पुढं कितीतरी दिवस पोरगी धड जेवली नाही. यंदा घरातून निघतानाच तिनं सांगून टाकलं होतं, "आवंदा अडवलं तर सायकल विकून टाकते."

काव्या पाण्याकडे गेल्यावर नागव्वा सायकलीला विभूती लावायला म्हणून सायकली लावलेल्या जागेच्या दोरीच्या आत शिरली. वयस्कर बाई बघून कुणी हटकलं नाही. बघते तर काय, पायडलवर दोन्ही बूट चढवलेले, वर रबरानं बांधून टाकलेले. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलेली सायकल, आणि तिला जोडे लटकवलेले! नागव्वाला कसंतरीच झालं. तिनं रबर काढले, बूट पिळून सोडवले आणि सायकलीखाली छान जोडीनं ठेवले. मग हँडलला विभूती लावून समाधानानं बाहेर आली.

बाहेर काव्याची मैत्रीण मनाली उभी होती. नागव्वानं तिला आपला पराक्रम सांगितला, तसा मनालीचा चेहरा उतरला.

"मावशी, ते मुद्दाम बांधले होते. सायकल पळवत न्यायची, रेघेपलीकडे उडी मारून बसायचं आणि चालत्या सायकलवरच पाय बुटात सारायचे. वर्षभर रोज मैदानावर तेच तर करतीय ती."

"मग लावून येते की परत."

मनाली पंचांना विचारून आली. "आता कुणीच हात लावायचा न्हाय म्हणले. लावला तर काव्या बाद."

एकेक जण पाण्यातून येत होता, सायकल घेऊन निघून जात होता. काव्याचा पत्ता नव्हता. झेंडेवाला सारखा घड्याळाकडे बघत होता. आपलेच हात तव्यावर धरावेत, असा राग नागव्वाला स्वतःचा आला.

शेवटी काव्या आली. धापा टाकत, ओल्या अंगानं. हेल्मेट घातलं, पट्टा अडकवला, सायकलीला हात घातला आणि थबकली. रिकामी पायडलं बघितली. मग खाली बघितलं. बूट एकमेकांना खेटून शहाण्यासारखे उभे होते.

झेंडेवाल्यानं झेंडा उचलला.

काव्या बसली नाही. वाकली, दोन्ही बुटांचे पट्टे दातांत धरले आणि सायकल घेऊन पळत सुटली. नागव्वाला ते बघवेना. सायकलीलासुद्धा लागू नयेत म्हणून सोडवलेले जोडे आता लेकीच्या तोंडात होते, आणि ही वेळ नागव्वानंच आणली होती.

झेंडा खाली आला तेव्हा सायकलीचं मागचं चाक रेघ ओलांडून गेलं होतं.

पुढच्या वळणावर काव्या धुळीत बसून बूट चढवू लागली. नागव्वा दोरीच्या कडेकडेनं पळत तिथं पोचली आणि सवयीनं खाली वाकलीच.

"अव्वा, हात मागं घे," काव्या मान वर न करता म्हणाली. "काढतील मला."

"मीच सोडवले गं ते."

"ठाव हाय. येवढी जोड लावून दुसरं कोण ठेवतंय?"

तिनं तोंडातली माती थुंकली आणि सायकलवर बसून निघाली. नागव्वा दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून उभी राहिली. लेक दिसेनाशी झाली तरी तिनं ते सोडले नाहीत.