शिरीषाला नाव कोण सांगणार

बुधाजींना रस्त्याने जाताना पाहिलं की नवख्या माणसाला वाटायचं, हे सकाळीच घेऊन आलेत. कात्रपच्या मोठ्या रस्त्यावर मेडिकलसमोरचा फूटपाथ अगदी मोकळा आहे. तिथे आले की बुधाजी थांबायचे, बाजूला सरकायचे आणि अर्धा वळसा घालून पुढे निघायचे. शाळेच्या भिंतीजवळ ते ठेंगण्या दारातून जावं तसे वाकून जायचे. वर नुसतं आभाळ. कोपऱ्यावरची पोरं ओरडायची, "काका, सकाळसकाळी टाइट काय?" बुधाजी हसायचे आणि आपल्या वाटेने जायचे.

हे मी बरीच वर्षं पाहत होतो, पण विचारायचा धीर झाला नव्हता. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी स्टोअरमध्ये होतो. कुणी मागेल ते काढून द्यायचं आणि पुन्हा आपल्या स्टुलावर बसायचं, अशी सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर संध्याकाळी गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर बसू लागलो. बुधाजीही तिथेच बसायचे. काही दिवस आम्ही नुसतेच शेजारी बसलो. मग एकदा तेच म्हणाले, "मेडिकलपुढं आंबा होता. शालंकडं जांबूल. त्याची फांदी लय खाली आलेली, म्हणून वाकतो."

"आता तर नाहीत ना ते," मी म्हणालो.

"तुमच्यासाठी नाय. मना दिसतान. माज्या नावावर हायेत."

बुधाजी झाडाला झार म्हणत. त्यांच्या घराण्याकडे गावचं एक काम होतं. झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या बुंध्याशी नारळ आणि तांदूळ ठेवायचे, खोडाला हात लावायचा आणि मोठ्याने सांगायचं: अमक्याचा अमका तुला तोडतो आहे, अमक्या कारणासाठी. वर कुणी राहत असेल त्याने रातोरात दुसरीकडे जावं. तुझ्या बदल्यात तो अमुक देईल. आधी ज्याचं झाड तो स्वतः शेजारी उभा राहायचा. घराच्या आढ्यासाठी तोडतोय, असं आपल्या तोंडाने सांगायचा. बुधाजींचे वडील फक्त नारळ फोडायचे.

मग शेतं गेली आणि इमारती आल्या. झाडं तोडणारी माणसं मात्र तीच, आजूबाजूच्या वाड्यांवरची. बुधाजींनी नारळ ठेवल्याशिवाय ती करवत लावत नसत. साइटवरचा सुपरवायझर त्यांना बोलावून घ्यायचा.

"मी विचारायचो, कुनाचा नाव सांगू? तो बोलायचा, कंपनीचा सांग. कंपनी कुठं ऱ्हाते? तिला पोरंबालं हायेत का? मग मी माजाच नाव सांगायचो."

"कशाला?"

"कुनीतरी सांगाया पायजे ना. नायतर तोडनाऱ्याच्या अंगावर येतं. तो बिचारा हुकमाचा ताबेदार."

त्यांनी रस्त्याकडे बोट केलं. आंबा, जांभूळ, चिखलोलीकडच्या चिंचा, नाल्याकाठचे करंज. ती सगळी बुधाजींनी आपल्या अंगावर घेतली होती. मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं, पण घरी जाताना मेडिकलसमोर माझी पावलं थोडी घुटमळली.

आमच्या सोसायटीच्या आवारात एक शिरीष होता. इमारतीपेक्षा जुना. हिवाळा सरला की त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहायच्या. माझ्या खिडकीशी फांदी होती, त्यामुळे दुपारभर तो आवाज घरात असायचा. सोसायटीने गाड्यांसाठी आवारात पेव्हर ब्लॉक बसवले, ते अगदी खोडापर्यंत. त्यानंतर एक बाजू वाळत गेली, खोड पोकळ झालं आणि झाड आमच्या विंगकडे कलू लागलं. गेल्या पावसाळ्यात एक मोठी फांदी घसरगुंडीवर पडली. पाऊस होता म्हणून मुलं घरात होती.

कमिटीने सगळं रीतसर केलं. नगरपालिकेकडे अर्ज दिला. वृक्ष विभागाचा माणूस येऊन पाहून गेला. खोडावर नोटीस लागली, कुणाची हरकत असल्यास कळवावे. जाता-येता मी ती वाचायचो. हरकत कुणाचीच आली नाही. माझीही नाही, कारण झाड धोकादायक होतं हे मलाही दिसत होतं. मग परवानगी आली. बदल्यात नवीन झाडं लावून ती जगवायची, अशी अट होती.

झाडं तोडण्याचं कंत्राट अल्पेशकडे होतं. तो आला, वर पाहिलं आणि आमचे चेअरमन हितेशभाई यांना म्हणाला, "शेठ, पेपर ओके आहेत. पण माझी पोरं बुधाजीबाबा आल्याशिवाय चढणार नाहीत."

"अरे, मग आण ना बाबाला!"

"दोनदा गेलो. म्हातारी दारातूनच परत पाठवते."

बुधाजी माझ्या ओळखीचे, म्हणून मला पाठवलं. इतक्या वर्षांत सोसायटीने मला सांगितलेलं हे पहिलंच काम.

बुधाजींची बायको वेणूबाई ओट्यावर वाल सोलत होत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आत बगा."

आत भरदुपारी बुधाजी खाटेकडून मोरीकडे चालले होते. चार पावलांची खोली. तेवढ्यात ते दोनदा वळले, एकदा वाकले आणि मग भिंतीला पाठ लावून सरकत सरकत मोरीपर्यंत गेले.

"पयले रस्त्यावर होते, आता घरात आलेत," वेणूबाई म्हणाल्या. "माज्या चुलीम्होरं पन कायतरी हाय म्हनं. मी उठली का वरडतो, फांदी लागल. परवा मना वलखलाच नाय. झारांमधून हाका मारीत होता, वेनू, कुठं हायेस. मी म्होरंच बसलेली." त्यांनी वालाची पाटी बाजूला ठेवली. "अजून एक झार आला तर यो त्यांच्यातच हरवंल, भाऊ. मना गावायचा नाय."

मोरीतून बुधाजींनी विचारलं, "शिरस का?"

"हो."

"जावा लागंल. त्याला न सांगता कसा तोडतील?"

वेणूबाई उठल्या आणि पदर खोचला. "जा. नारल ठेव. पन नाव तुजा सांगायचा नाय. मी संगं येतंय."

संध्याकाळी शिरीषाखाली कमिटी जमली. हितेशभाईंनी बुधाजींसाठी स्वतः खुर्ची आणली. माणूस मोकळा आहे, मनात काही ठेवत नाही. बुधाजींनी तांदूळ ठेवले, नारळ ठेवला आणि वळून विचारलं, "कुनाचा नाव सांगू?"

"सोसायटीचं सांगा ना बाबा. रजिस्ट्रेशन नंबर पण देतो, फुल ॲड्रेस!"

सगळे हसले. बुधाजीही हसले.

"नंबराला बोलवा की मग. हात लावू दे झाराला."

"मग त्या वृक्षवाल्या साहेबांचं नाव सांगा. परमिशन त्यांनीच दिली."

"त्यांना कुठं पायजे होता तोडाया? तुमी मागलात, त्यांनी दिला."

आमच्या सेक्रेटरी किर्ती मॅडम म्हणाल्या, "हे बघा, यात कुणाचाच दोष नाही. मुलांवर पडलं असतं. आणि खरं तर ही अंधश्रद्धा आहे."

"मग मॅडम, तुमचंच सांगू?" अल्पेशने अगदी सहज विचारलं.

किर्ती मॅडम खोडाकडे बघत राहिल्या. "माझं एकटीचं कशाला?"

हितेशभाईंचा फोन वाजला आणि ते बोलत गेटकडे गेले. कुणी मोबाइल काढला, कुणी वर शेंगा पाहू लागलं. वारा आला आणि सगळा शिरीष खुळखुळला.

बुधाजींनी पाय मागे घेतला, थोडे बाजूला झाले. घरात झाडांना जागा करून देताना होत होते तसेच. हात खोडाकडे गेला. "मी, बुधाजी..."

"अवो!" मागून वेणूबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. लांब जाणाऱ्या माणसाला हाक मारावी तसा आवाज होता.

"माझं सांगा," मी म्हणालो.

ते मीच बोललो होतो, हे मला सगळे माझ्याकडे वळल्यावर कळलं. बुधाजींनी मला निरखून पाहिलं. "सोताच्या तोंडानं सांगावा लागंल, विष्णुपंत. आनि परत घेता येत नाय."

त्यांनी माझा तळवा धरून खोडावर ठेवला. दिवसभराच्या उन्हाने साल कोमट झाली होती, एखाद्या म्हशीच्या पाठीसारखी. "मी, विष्णू महिपती घोलप, तुला तोडतोय. तू आमच्या घरावर कललास. खाली मुलं खेळतात, म्हणून."

"बदल्यात?"

"दोन झाडं लावीन. ती मोठी होईपर्यंत पाणी घालीन."

"ब्लॉक लांब ठेवीन म्हनावा," वेणूबाई म्हणाल्या. मी तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शिरीष गेला. बुंध्याच्या तुकड्यावर नोटीस तशीच चिकटलेली होती, हरकत असल्यास कळवावे. खड्डा बुजवून वर ब्लॉक बसवले. हितेशभाई जिन्यात भेटले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय विष्णुपंत, भूत तुमच्या खात्यात हां!" त्यांनी दोन रोपं मात्र लगेच आणून दिली. कुंपणाशी मी ती लावली, भोवती माती मोकळी ठेवली. रोज सकाळी बादली घेऊन जातो.

हल्ली दुपारी खिडकीशी शेंगा खुळखुळतात. पहिल्यांदा वाटलं, वरच्या मजल्यावर काहीतरी वाजतंय. आता कान देत नाही. म्हणजे कान तिकडेच असतो, पण उठून बघत नाही. सुनेला सांगितलेलं नाही. तिला खिडकी उघडी आवडते, मी ती बंद करत नाही.

परवा सकाळी बुधाजी आणि वेणूबाई रोपं बघायला आले. गेटमधून आत येऊन बुधाजी सरळ चालत आले. जिथे शिरीष होता त्या जागेवरून, ब्लॉकवर नीट पाय टाकत, न थांबता, न वळता. वेणूबाई त्यांच्या शेजारून चालत होत्या. चालता चालता त्यांनी नवऱ्याच्या पावलांकडे पाहिलं आणि मग पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे पाहून त्या हसल्या. मीही त्यांना भेटायला बादली घेऊन पुढे निघालो.

बुधाजी एकदम थांबले. ते माझ्या पायांकडे बघत होते. मीही खाली पाहिलं. समोर मोकळं आवार होतं आणि मी बाजूला सरकून वळसा घालत होतो.

"अजून जरा लांबून," बुधाजी हळूच म्हणाले. "मुल्या तथवर हायेत त्याच्या."

मी बादली दुसऱ्या हातात घेतली आणि आणखी थोडा लांबून गेलो.