तळघरातून बाहेर गेलेली म्हातारी

ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटला शिकत होतो तेव्हा मला लेखक व्हायची भारी खाज होती. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक हातानं लिहून, झेरॉक्स काढून वाटला जायचा. त्यात मी एक कथा दिली. अणुयुद्ध झालंय, एका घराच्या बेसमेंटमध्ये आठ मराठी माणसं अडकलीत आणि डबाबंद अन्न संपत आलंय. अणुबॉम्बची धास्ती तेव्हा सगळ्यांनाच होती, त्यामुळे विषय शोधावा लागला नाही. माणसं तर मी आयतीच उचलली.

कथेतली म्हातारी म्हणजे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या काकू. भारतातून मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. दर रविवारी मला जेवायला बोलवायच्या आणि निघताना आमटीचा डबा हातात द्यायच्या. प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालायच्या, ब्रेडच्या कडासुद्धा टाकू द्यायच्या नाहीत. ते सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. नाव बदललं की माणूस बदलतो, एवढीच माझी अक्कल!

शेवटी कुणीतरी मरायला हवं होतं. मी म्हातारीला निवडलं. आपला वाटा तरुणांना राहू दे म्हणून ती दार उघडून विषारी हवेत निघून जाते, आणि बाकीचे सात जण गप्प बसून बघतात. मला ते फार उदात्त वाटलं होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमात मीच कथा वाचली. पिशव्यांचा उल्लेख आला तसे सगळे हसत काकूंकडे वळले. त्याही हसल्या. म्हातारी गेल्यावर जोरात टाळ्या पडल्या आणि मी लेकाचा फुगलो.

पुढच्या रविवारी वाढता वाढता काकूंनी विचारलं, "तिला कुणी थांब का नाही म्हटलं रे?"

मी म्हणालो, कथेची तशी गरज होती काकू, अन्न सात जणांपुरतंच होतं.

"किती होतं ते तूच ठरवलंस ना?"

मी आणखी एक पोळी मागून घेतली.

महिन्याभरात त्यांनी परतीचं तिकीट काढायला लावलं. मुलाचा फोन आला. आई म्हणते मी इथे जास्तीची आहे, आमचं कुणाचं ऐकत नाही, तू येऊन समजाव, तुझ्यावर तिचा जीव आहे. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तो विनवत होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेलो. काकू बॅग भरत होत्या. काकू, माझं चुकलं, जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की तुम्हालाच मारलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, "तिकडे थंडी नसते, तुम्हाला बरं वाटेल."

त्या "हो" म्हणाल्या. मग घडी घालायला साडीची दोन टोकं माझ्या हातात दिली, आणि मी ती धरली.