पिवळ्या पाटीसह लेक ह्युरॉनपर्यंत

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही अमेरिकेतल्या ॲन आर्बरहून निघालो. गाडीच्या मागे पिवळी, चुंबकाने चिकटणारी पाटी मी स्वतः लावली होती. 'नवीन चालक, कृपया धीर धरा' अशा अर्थाची. लायसन्स मिळून बारा दिवस झाले होते. इथे ही पाटी सक्तीची नाही, पण मागच्याला खरं काय ते कळावं, यात मला गैर वाटलं नाही.

गाडी वानखेडे काकूंची. त्या नागपूरच्या, इथे सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं झाली. मी अमरावतीची, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली आणि स्टिअरिंग धरलेलीही पहिलीच. माझा प्रबंध लेक ह्युरॉन या सरोवराच्या पाण्यावर आहे. उन्हाळाभर दर शनिवारी काठावरच्या संशोधन केंद्रातून पाण्याचे नमुने आणायचे आणि तिथे बस जात नाही. प्राध्यापिका म्हणाल्या होत्या, "एकदा जाऊन ये. जमेल की नाही ते सोमवारी सांग. नाहीतर दुसऱ्याला देऊ." दुसऱ्याला म्हणजे प्रबंधही गेलाच.

महामार्गावर शिरताच मागून लांबलचक हॉर्न आला. मीही एक छोटा वाजवला.

"हे काय गं?" काकू दचकल्या.

"उत्तर दिलं. तो म्हणाला, मी आलोय. मी म्हटलं, बघितलं."

आमच्याकडे ट्रकच्या पाठीवरच हॉर्न वाजवायची विनंती लिहिलेली असते. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं पोरी, तो शिवी देऊन गेला! आणि तू त्याला परत दिलीस!"

मला हसू आलं नाही. गेल्या बारा दिवसांतले सगळे हॉर्न आठवले. सिग्नलला, शाळेसमोर, गल्लीच्या तोंडाशी. प्रत्येकाला मी इमानदारीने उत्तर दिलं होतं.

मग मात्र माझं लक्ष आरशावरच राहिलं. वेगमर्यादा सत्तर मैल, मी सत्तरवर, तेही उजव्या, म्हणजे इथल्या संथ लेनमध्ये. तरी एक पिकअप (मागे उघडा हौदा असलेली गाडी) इतकी जवळ आली, की तिचे दिवे आरशात दिसेनात. डावीकडची लेन मोकळी होती. शेवटी तिचा चालक बाजूने गेला, काच खाली केली आणि थंड पेयाचा ग्लास फेकला. बर्फ बॉनेटवर फुटला. मी किंचाळले, पण गाडी लेनमध्ये ठेवली.

रेस्ट एरियात (महामार्गावरचा विसावा) काकूंनी तिखटाच्या पुऱ्या काढल्या. काकू उठल्या, पाटी ओढून काढली आणि डिकीत टाकली. "ही बघूनच लोक अंगावर येतात, यार."

पुढचे दोन तास कोणी हॉर्न वाजवला नाही. मी तशीच चालवत होते. तोच वेग, तीच लेन, लेन बदलताना तोच उशीर. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट संताप आला. म्हणजे माझ्या चालवण्याचा कोणाला त्रास नव्हताच. मी नवीन आहे हे कबूल केल्याचा होता. वर्गात 'मला हे कळलं नाही' म्हटल्यावर मागून येणारा सुस्कारा मी ओळखते. तोच हा, फक्त हॉर्न लावलेला.

सरोवर पाहिलं तेव्हा क्षणभर सगळं विसरले. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, पण खारा वास नाही. केंद्रातून बाटल्यांचं खोकं घेतलं. परतताना रस्त्याकडेला एक म्हातारे शेतकरी स्ट्रॉबेरी विकत होते. टोपली डिकीत ठेवताना त्यांना पाटी दिसली.

"ही आत का?"

"लोक हॉर्न वाजवतात."

"मीही वाजवतो," ते मोकळेपणाने हसले. "पुढे पाटी दिसली, की आता उशीर होणार असं वाटतं."

इंग्रजीत मोठ्यांना उलट विचारायला मी कचरते. तरी विचारलं, "पण मी नवीन आहे हे कळल्यावर जास्त का वाजवता?"

त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी टोपलीत आणखी दोन मुठी स्ट्रॉबेरी टाकल्या. मला उत्तर हवं होतं.

मी पाटी काढली आणि पुन्हा मागे लावली.

"परत ग्लास फेकतील," काकू म्हणाल्या.

"फेकू देत. पाटी काढून मी काही जुनी होत नाही."

परतीच्या वाटेवर सात हॉर्न झाले. एकालाही मी उत्तर दिलं नाही आणि सत्तरच्या वर गेले नाही. मागच्या सीटवर बाटल्या किणकिणत होत्या. एकही फुटली नाही.

ॲन आर्बरला काकूंच्या दारात गाडी लावली. बॉनेटवरचा चिकट डाग वाळला होता.

"मग, सोमवारी काय सांगणार?"

"हो सांगणार."

"पुढच्या शनिवारी मी नाही हं येणार." त्यांनी किल्ली माझ्याच हातात राहू दिली. मी फडकं शोधू लागले, तशा त्या दारातून म्हणाल्या, "डाग पूस. पाटीला हात लावू नकोस."