जाऊबाईंचा काथ्या

फोन कानाशी धर गो, नीट ऐक. मी एवढं पितळ ठोकलं, आणि तू चेन्नैत बसून फोटोला नुसता अंगठा दाखवलास? चकचकीत पितळेच्या फोटोत दिसतो कोण, तर फोटो काढणारा! काम कुठं दिसतं?

मला कोणी शिकवलं नाही, तुला ठाऊक आहे. भांडी ठोकणाऱ्यांच्या गल्लीत उभी राहून पाहिलं, तेवढंच. माणसाएवढा पत्रा, मधे फुगवटा, आरशासारखा उजळलेला. अंगणातलं आकाश, कोलमची रांगोळी, तुळस, सगळं त्यात गोळा व्हावं हा माझा हट्ट. ठोकते मी पत्रा, पण जीव अडकलेला असतो त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत. पापनाशमच्या एका मुलींच्या शाळेला तो पटांगणात हवा होता, मुख्याध्यापिका शनिवारी बघायला येणार होत्या. आणि इथं जो तो येई, केस नीट करी, टिकली सरळ करी, जाई. आकाश कोणी पाहीच ना!

शुक्रवारी बाजारातून आले, तर माझ्या थोरल्या जाऊबाई पदर खोचून पत्र्यापुढे. शुक्रवारी देवाची भांडी घासतात ना आपल्यात, चिंच-काथ्यानं? त्यांनी हेही घासलं! सगळीकडे गोल गोल ओरखडे.

"अक्का, हे काय केलंत!"

"काळं पडत होतं. तू नुसती ठोकतेस, घासायचं कोणी?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, बघ.

सकाळी अंगणात ऊन उतरलं आणि मी ओरडलेच. एकेक ओरखडा पेटलेला! चेहरा गायब, नुसते रंग: आकाशाचा निळा, कोलमचा पांढरा, वाळत घातलेल्या लुगड्याचा लाल. मी डावीकडे सरकले, तर उजेड माझ्याबरोबर सरकला! मी येरझारा घालते, उजेड येरझारा घालतो.

"भूत लागलं का गो तुला?" म्हणत अक्का आल्या, आणि त्याच फिरायला लागल्या.

मुख्याध्यापिका आल्या. सवयीनं हात केसांकडे गेला, पण चेहरा सापडेना. एक पाऊल सरकल्या, थबकल्या, मग हसत अंगणभर हिंडल्या. "असंच द्या," म्हणाल्या, "आता उजळू नका."

शेवटचा हात आपला, असं अक्का गल्लीभर सांगतात. सांगू देत, खरंच आहे ते!

पोंगल झाला की शाळेची लॉरी येईल. त्याआधी ये गो. सकाळच्या उन्हाला ये, आणि फोन पिशवीत टाकून दोन्ही हात मोकळे ठेवून ये.