हिरवा हापसा

"हात उताणा कर. लपवू नगंस, मी काय छडी मारत न्हाई."

"चिखल हाय, दीदीमणी."

"मग पुसून दाव," सुरमादी म्हणाली.

टुकटुकीनं ओढणीला तळवा घासला. राखी ठिपके जागचे हलले नाहीत. चटईवरची बाकीची पोरं रसायनाची समीकरणं जुळवत होती.

सुरमादी बंगालातल्या नदिया जिल्ह्यात, आमच्या पाड्यात बारावीला जीवशास्त्र न् रसायन शिकवते. आधी कलकत्त्याला संशोधनात होती. पाण्यातला सोमल, म्हणजे आर्सेनिक, हुडकत गावोगाव हिंडायची; तो वर्षानुवर्षं पोटात गेला की तळव्यावर असेच राखी ठिपके उठतात. सोमल निघाला की हापशाला लाल रंग, न निघाला तर हिरवा. शेंबड्या पोरालाही ती खूण ठाऊक.

टुकटुकीचा बाप हरिपद मंडल. त्याचा लाल हापसा कैक वर्षांमागं हिरवा झाला. नवी खोल नळी घातली, म्हणाला. पाडा तिथंच पाणी भरू लागला. सुरमादीही. शिकवणीच्या पोरांचा माठ तिथलाच.

सुरमादी तशीच उठून त्याच्या घरी गेली. हरिपद दारात जाळं विणत होता.

"हरिपददा, नळी खरंच घातली व्हती?"

त्यानं मान वर केली नाही. "नळी कुठली, दीदी. थोरलीला बघाय आलेलं पाव्हणं लाल हापसा बघून चहाला शिवंनात. रंग मारला, तवा कुठं बसाय लागलं. आता जमलंय. अगहन महिन्यात लगीन हाय, तवर गप ऱ्हावा."

"अन् पाडा?"

"पाणी भरू नगा म्हणलं असतं तर कारण इचारलं असतं."

"तुमच्या धाकटीचं हात बघितलं का?"

"तिच्या लग्नाला अवकाश हाय."

सुरमादीनं घरी येऊन माठ अंगणात पालथा केला, लाल रंगाचा डबा घेतला न् भर दुपारी हापसा रंगवला. हरिपद आडवा आला नाही. त्याची बायको उंबऱ्यातनं म्हणाली, "माज्या पोरीच्या भांगातला शेंदूर हापशाला फासलास गं."

कळशा घेऊन बाया उभ्याच होत्या.

"दीदी, रंग वाळाय किती येळ? मग भरतो."

"भरायचं न्हाई. सोमल हाय त्यात."

"इतकी वर्सं पितोय की. मेलो का?"

ती परतली. पोरं तहानली होती.

"हात उताणे करा. समद्यांनी."

एकेक तळवा ती उजेडाकडं धरून बघत गेली. शेवटी स्वतःचा बघितला, पदरात झाकला, न् दुसऱ्या हातानं खडू उचलला.

"हं. समीकरण कुठवर आलं व्हतं?"