फ्लॉपीचा पडदा

"घाई न्हाई, गुरुजी. ती बोलायलीय, तिला बोलू द्या."

परभणीच्या बसस्टँडमागे डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या ताईंचं माझ्यासारख्या शाळामास्तराला हे ठरलेलं वाक्य. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी सरकवली की त्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. 'कुर्र कुर्र' आलं तर मजकूर शाबूत, 'खट् खट्' आलं तर काळजी. पेनड्राइव्हवर त्यांचा राग होता. तो मुका आहे, म्हणायच्या, आत काय चाललंय ते सांगत नाही.

असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. पत्रिका, अर्ज, प्रश्नपत्रिका. ताईंकडे मात्र काचेच्या कपाटात वहीच्या पुठ्ठ्यासारखी वाकणारी जुनी मोठी फ्लॉपी होती, मग खिशात मावणाऱ्या टणक फ्लॉप्या, मग सीडी. थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्या एकेक हातात देऊन दाखवायच्या. मोठी मात्र कुणाला वाकवू द्यायच्या नाहीत.

माझे वडील, आप्पा, पेडगावात किराणा दुकान चालवायचे आणि महादेवाची भजनं रचायचे. ताईंनी ती सगळी टाइप करून एका फ्लॉपीत भरून दिली होती. आज मोबाइलमधला एक फोटो मावणार नाही एवढी तिची जागा, पण आप्पांची सगळी भजनं तिच्यात बसली. आप्पा गेले, त्यांची वही वाळवीने खाल्ली. फ्लॉपी तेवढी उरली आणि ती आईने देवघरात ठेवली.

तीन वर्षांपूर्वी गावच्या भजनी मंडळाने भजनं मागितली, तेव्हा मी आईला आणि फ्लॉपीला घेऊन ताईंकडे गेलो. ताईंनी फ्लॉपीची पत्र्याची झडप अंगठ्याने सारली आणि थांबल्या. आत हळद-कुंकू. दर दसऱ्याला आई झडप सारून आतल्या तबकडीची पूजा करत होती. मी भर दुकानात तिच्यावर चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "देवाम्होरचा पडदा न सारता पूजा करतेत का कुटं?"

ताई हसल्या नाहीत. त्यांनी ब्लेडने कवच उकललं, आतली काळी तबकडी साबणाच्या पाण्यात बोटांनी धुतली आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर वाळवली. आता तिला चांगलं कवच हवं होतं, आणि नवी फ्लॉपी बाजारात मिळत नव्हती. त्यांनी कपाटातली स्वतःची एक काढली आणि उकलली. तिच्यात काय होतं, मी विचारलं.

"दुकानातली पहिली लग्नपत्रिका. त्या दोघांला आता नातू झालाय. पत्रिका कोन इचारतंय?"

आप्पांची तबकडी त्या कवचात बसवून त्यांनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवली. डब्यावर तळहात. खट्. खट्. ताईंनी हात काही काढला नाही. मग हळूच कुर्र सुरू झालं. शेवटची दोन सोडून सगळी भजनं आली. मी तिथेच रडलो, लपवत नाही.

निघताना आईने "पोरी" म्हणत ताईंच्या तोंडावरून हात फिरवला. ताईंनी तो हात धरला. "माय, पूजा करा. पन पडदा लावूनच. आतल्या देवाला कुंकू चालत न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांचा फ्लॉपी ड्राइव्ह मी त्यांच्या भावाकडून मागून आणलाय, आणि फ्लॉपीशेजारी तोही देवघरात असतो.

यंदा दसऱ्याला आईने ड्राइव्हच्या पत्र्यावर हळद-कुंकू वाहिलं. तिचं बोट सवयीने फ्लॉपीच्या झडपेकडे गेलं. तिने ते मागे घेतलं.

"आत न्हाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "पोरगी रागवंल."